बावीस पाउंडांची अदब

रागाच्या भरात रॅकेट आपटली आणि तुटली, असं मला एकतीस वर्षांत एकाही माणसानं सांगितलेलं नाही. रॅकेट नेहमी 'पडते'. कधी ती दारात सापडते, कधी स्कूटरच्या डिकीत दबते, कधी पाहुण्यांच्या लेकराचा तिच्यावर पाय पडतो. एका मास्तरांनी तर वर्षभरात तीन रॅकेटी आणल्या आणि तिन्हींवर म्हैस बसली असं शांतपणे सांगितलं. चौकट कुठं चेपलीय यावरून ती फरशीवर आपटलीय, नेटच्या खांबावर की जोडीदाराच्या पाठीत, हे मला बघताक्षणी कळतं. पण गिऱ्हाईक म्हैस म्हणालं की आपणही म्हैसच धरायची. धाराशिवात दुकान चालवायचं तर एवढं पाळावं लागतं. मी ते जरा जास्तच पाळलं, आणि त्यातून माझी जी फजिती झाली ती सांगण्यासाठी हे लिहायला बसलोय.

माझं काम बॅडमिंटनच्या रॅकेटला गट भरण्याचं. गट म्हणजे रॅकेटची जाळी. चौकटीला बारीक भोकं असतात, त्यातून दहा मीटर दोरी ओवायची; आधी उभे धागे, मग एक वर एक खाली असे आडवे, बाजेची नवार विणतात तसे. प्रत्येक धागा यंत्राच्या चिमट्यात धरून ताणायचा. यंत्र म्हणजे एक दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. वजन जितकं पुढं सरकवाल तितका ताण जास्त, आणि हा ताण पाउंडात मोजतात. गट ढिला असला की शटल आपसूक लांब उडतं, हाताला कष्ट कमी. पण ते नेमकं कुठं पडेल याचा भरवसा कमी. गट घट्ट असला की शटल सांगाल तिथं पडतं, पण जोर सगळा तुमच्या मनगटातून यावा लागतो. मनगटात तो नसला तर कोपर धरून बसायचं. सगळी विद्या एवढीच आहे, बाकी डोळे आणि चिकाटी. डोळ्यांनी गेल्या वर्षी राजीनामा दिला, म्हणून आता लिहायला वेळ आहे.

आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. माझे अब्बा गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत हिंडायचे. त्यांच्या धुनकीला, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीला, तात असायची, जनावराच्या आतड्याची दोरी. ती त्यांनी छेडली की आवाजावरून ते सांगत, अजून अर्धा पीळ पाहिजे. "ज्यादा खेंच्या तो टुटती, कम खेंच्या तो बोलती नै," एवढंच त्यांचं शिक्षण, आणि ते मला फुकट मिळालं. गाद्या फोमच्या झाल्या तेव्हा मी धुनकी ठेवून रॅकेट धरली. गट भरून झाला की तळहाताच्या बुडानं त्यावर एक ठोका द्यायचा आणि कानाशी न्यायचं. यंत्र चुकेल, कान चुकत नाही.

माझं दुकान बॅडमिंटनच्या हॉलला लागून, आणि दुकानामागंच घर. हॉलमध्ये संध्याकाळी क्लब जमे. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर माने, दातांचे डॉक्टर, वय पंचावन्न, कोपराला कायम पट्टा. एके दिवशी ते मोबाइलवरचा एक व्हिडिओ नाचवत आले.

"दस्तगीरभाई, जगातले मोठे खेळाडू अठ्ठावीस पाउंड भरतात. माझ्या रॅकेटला अठ्ठावीस टाका."

आता डॉक्टरांच्या मनगटाला बावीसच्या वर झेपणार नाही हे त्यांचा पट्टाच सांगत होता. पण ज्यानं माझ्या चार दाढा सांभाळल्या त्याला तोंडावर 'साहेब, तुमच्यात तेवढा दम नाही' म्हणायचं? मी म्हणालो, "बरं, डॉक्टरसाहेब." गट भरला बावीसनं आणि मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून लिहिलं, २८. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिलाच फटका असा हाणला की शटल मागच्या भिंतीला लागलं. "बघा फरक!" ते सगळ्यांना सांगत सुटले.

झालं. क्लबात एक मोठे महसूलवाले साहेब येत. डॉक्टरांना अठ्ठावीस म्हटल्यावर त्यांना तीस लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे वीरभद्रअप्पा म्हणजे अडतव्यापारी, गळ्यात लिंग, कपाळी भस्म, अंगात पांढरी हाफ पँट. ते म्हणाले, "साहेबाला तीस? मी काय साहेबाचा नोकर हाय व्हय? मला चौतीस टाक." चौतीस पाउंड टाकले असते तर रॅकेट माझ्याच हातात मोडली असती. मी चिकटपट्टीवर चौतीस लिहिलं आणि आत बावीस भरले. हळूहळू सगळ्या क्लबाचे आकडे खुर्चीप्रमाणं चढत गेले, आणि सगळ्या क्लबाच्या कोपरांचे पट्टे उतरत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

याच अप्पांनी एकदा शटल हातात धरून विचारलं होतं, "ही पिसं कशाची हायत रं?" माणूस शाकाहारी, प्रश्न नाजूक. मी म्हणालो, "हंसाची, अप्पा." हे खरंच आहे. ती कशी काढतात ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेव्हापासून अप्पा सर्व्हिस करण्याआधी शटल कपाळाला लावतात, आणि समोरचा खेळाडू तोवर थांबतो.

आमच्या घरात याला अदब म्हणत. माझी बायको हलिमा मात्र म्हणे, "झूट कू अदब की टोपी पिनाए तुमे." मी हसून सोडून देई.

मग कोमल आली. बेंबळीची पोरगी, सोळा वर्षांची, तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. एकच रॅकेट, ती पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली. हॉलमध्ये सरावाला एसटीनं यायची. या क्लबात खरं बॅडमिंटन खेळणारं माणूस हे एवढंच. ती म्हणाली, "चाचा, पंचवीस भरा. माझं शटल मागं लई लांब जातंय. बोटभर भाईर पडतंय."

माझ्या मनात आलं, हिनंही व्हिडिओ बघितला. काडीएवढं मनगट, पंचवीस काय झेपणार? "बरं, पोरी," मी म्हणालो. सवयीनं हातानं वजन बावीसवर सरकवलं, सवयीनं पट्टीवर २५ लिहिलं.

विभागाच्या निवडीचा तिचा सामना बघायला मी मुद्दाम गेलो होतो. तिसऱ्या डावात तिची चार शटलं मागच्या रेषेबाहेर गेली. चारही बोटभर. हात मोकळा, नजर थंड, पाय बरोबर जागेवर, आणि शटल बाहेर. ती हरली. बाहेर येऊन मला म्हणाली, "पंचवीस भरूनबी भाईरच गेलं, चाचा. माझ्याच हातात खोट हाय."

"सराव वाढव," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही टोचतं.

राज्याच्या संघासाठी आणखी एक निवड चाचणी व्हायची होती, पंधरा दिवसांनी. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला नाव लागलं नाही तर रॅकेट माळ्यावर आणि बारावीची पुस्तकं खाली.

त्याच पंधरा दिवसांत डॉक्टर मानेंचा मुलगा ओंकार डेन्मार्कहून सुट्टीवर आला. तो तिकडं नोकरीला. त्याच्यासोबत त्याच्या शेजारीण भारत बघायला आल्या होत्या, सिग्रीडबाई. वय साठीच्या आसपास, उंची दाराला ठेंगणं ठरवणारी. ओंकारनं सहज सांगितलं की बाई एके काळी त्यांच्या देशाच्या बॅडमिंटनच्या विजेत्या होत्या. हे ऐकल्यावर क्लब गप्प बसणं शक्यच नव्हतं.

पत्रिकेत लिहिलं होतं, सायंकाळी पाच वाजता प्रदर्शनीय सामना. पाच वाजता सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, तुळजाभवानीची प्रतिमा, पुन्हा शाल, आणि फेटा. नऊ भाषणं झाली. एका वक्त्यांनी सपाट डेन्मार्कच्या बर्फाच्छादित शिखरांचं वीस मिनिटं वर्णन केलं. ओंकारनं ते बाईंना एका वाक्यात सांगितलं. काय सांगितलं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "हे म्हणतात, या म्हणून." बाई दोन शाली पांघरून, घामानं भिजून, सगळ्यांकडं बघून हसत होत्या. फेटा हा इथल्या खेळाचा नियम असावा अशी त्यांची समजूत झाली, आणि तो उतरवायला सांगणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, म्हणून कुणी सांगेना. त्या फेट्यासकट कोर्टावर उतरल्या.

बाईंनी रॅकेट आणली नव्हती. मग आपली रॅकेट त्यांच्या हातात जावी म्हणून जी झुंबड उडाली ती काय सांगू! शेवटी टेबलावर सगळ्यांच्या रॅकेटी मांडल्या. ओळीनं माझ्या पांढऱ्या पट्ट्या. सगळ्यात कडेला कोमलनं आपली ठेवली, थोडी लाजत.

बाईंनी पहिली रॅकेट उचलली. पट्टी वाचली नाही. तळहाताच्या बुडानं गटावर ठोका दिला आणि रॅकेट कानाशी नेली.

ही बाई थेट अब्बांच्या घराण्यातली निघाली! मी हळूच दाराकडं सरकलो, तर अप्पांनी दंड धरला. "कुठं निघालाव, दस्तगीरभाई? हितं व्हा, तुमचंबी कौतुक हू द्या." आणि मला टेबलाशी उभं केलं.

बाईंनी ओंकारमार्फत विचारलं, हा ताण किती? डॉक्टर मानेंनी छाती काढून सांगितलं, "अठ्ठावीस!" बाई हसल्या आणि त्यांनी एका हाताची दोन बोटं दाखवली, दुसऱ्या हाताची दोन. बावीस. कुणाला काही कळलं नाही. बाईंनी पुढची उचलली. महसूलवाले साहेब म्हणाले, "तीस." ठोका, कान, दोन बोटं आणि दोन बोटं. पुढची. "चौतीस," अप्पा म्हणाले. बाईंनी या खेपेला ठोका दोनदा दिला, बहुतेक त्या आकड्याच्या धक्क्यानं. दोन आणि दोन.

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला.

"दस्तगीरभाई," डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे?"

"बावीस हाय, साहेब," मी म्हणालो. "समद्यांचे बावीसच हायत."

अप्पा पुढं आले. "थांबा. म्हंजे साहेबाचेबी बावीसच?"

"व्हय, अप्पा."

"डाक्टरचेबी?"

"व्हय."

"आपल्या क्लबात कुणाचंच तेवीस न्हाय?"

"कुणाचंच न्हाय, अप्पा."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. "मग कशाला तोंड पाडून बसलाव सगळे? माझं एकट्याचं कमी असतं तर वाईट दिसलं असतं."

हॉल हसून लोळायला लागला. डॉक्टर आपला कोपर चोळत म्हणाले, "तरीच म्हटलं, पट्टा सुटला कसा!" साहेबांनी तेवढं चिटणीसांना बाजूला घेऊन बजावलं, "हे इतिवृत्तात घेऊ नका." माझ्या पाठीवर थापा पडल्या, कुणीतरी माझ्याच गळ्यात हार टाकला. इतक्या स्वस्तात सुटेन असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाईंनी शेवटची रॅकेट उचलली. ठोका, कान. दोन आणि दोन.

कोमल हसत नव्हती. तिनं बाईंच्या हातातून रॅकेट घेतली, मुठीवरची २५ लिहिलेली पट्टी नखानं सोलून काढली, ती टेबलावर नीट चिकटवली, आणि रॅकेट पिशवीत घालून बेंबळीच्या गाडीला निघून गेली. हार गळ्यात घालून मी तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्रीडबाई ओंकारला घेऊन दुकानात आल्या. त्यांना माझं यंत्र बघायचं होतं आणि मी असं का केलं ते ऐकायचं होतं. मी सांगत गेलो, ओंकार सांगत गेला. चौतीसची हकिकत ऐकून बाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्या स्वतःचं सांगायला लागल्या. तरुणपणी प्रत्येक विजयानंतर त्या ताण एक पाउंड वाढवत. घट्ट गट म्हणजे मोठा खेळाडू, हे त्यांच्याकडंही होतं. त्यांचा गट भरणारा म्हातारा शब्दाला पक्का, मागितलं तेवढं इमानानं भरून द्यायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी खांदा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज उजव्या हातानं दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत. हे त्या हसत हसतच सांगत होत्या.

"त्या म्हणतात," ओंकार म्हणाला, "तुमच्यासारखा खोटारडा त्यांना भेटला असता तर त्या आणखी चार वर्षं खेळल्या असत्या."

मी असा फुगलो, की हे ऐकवायला हलिमाला आतून बोलावणार होतो. तोच बाईंनी विचारलं, "आणि ती मुलगी? तिनं किती मागितले होते?"

"पंचवीस."

"तिला किती हवे होते?"

मला उत्तर ठाऊक होतं. तिनंच तर सांगितलं होतं, बोटभर बाहेर पडतंय. गट भरणाऱ्यासाठी यापेक्षा स्वच्छ मागणी असू शकत नाही. चौतीस मागणाऱ्यांची मनं सांभाळता सांभाळता गिऱ्हाइकाचं ऐकायचं ही गोष्टच मी विसरलो होतो. सोळा वर्षांच्या पोरीला आपल्या हाताची समज पंचावन्न वर्षांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"पंचवीस," मी म्हणालो.

चहा संपवून बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला त्या क्षणी कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी मी यंत्र चादरीत बांधून बेंबळीची एसटी धरली. गिरणीत बायांची रांग होती, डबे घेऊन. मी चादर सोडली, दांडी आणि वजन बाहेर काढलं, तसे कोमलचे वडील हात पुसत धावत आले. "साहेब, काटा आपला बरोबर हाय! शिक्काबी हाय!" वजनकाटे तपासायला सरकारी माणूस आला असं त्यांना वाटलं. मी कोण ते पटवून देईपर्यंत त्यांनी मला खुर्ची, पाणी आणि गूळशेंगदाणे दिले होते.

कोमल मागून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी तिच्यासमोर जुना गट कापला. तिच्यासमोर वजन पंचवीसवर सरकवलं. धागा धागा तिला दाखवत भरला. मध्ये पीठ उडत होतं, ते फुंकत होतो. माझी स्वतःची एक रॅकेट नेली होती, तीही पंचवीसनं भरून तिला दिली, कारण घट्ट गट ऐन सामन्यात तुटू शकतो. तिला खरं तेच सांगितलं. पहिले चार दिवस हात दुखेल. दुखणं खांद्यात गेलं तर तिथंच थांबायचं आणि मला सांगायचं.

मग म्हणालो, "पोरी, माझं चुकलं."

गिरणीच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. तिनं कानाला हात लावला. तिसऱ्यांदा मी ओरडलो, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या वडिलांनी गिरणी बंद केली. "पोरी, माझं चुकलं!" हे वाक्य बेंबळीच्या निम्म्या गल्लीनं ऐकलं. रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय चुकलं गं ह्येचं?" कोमल खाली मान घालून हसली की काय ते मला दिसलं नाही. तिनं तळहातानं गटावर ठोका दिला, ऐकलं, आणि म्हणाली, "ठीकाय."

चाचणीला मी गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही. दुकानात बसून एकाच रॅकेटचे धागे तीनदा ओवले आणि तिन्ही वेळा चुकलो.

तिसऱ्या दिवशी ती आली, हातात पेढ्यांचा पुडा. संघात चार मुली घेतल्या, चौथं नाव तिचं. शेवटच्या डावात मागची तीन शटलं रेषेवर पडली, बरोबर रेषेवर. हे सांगताना तिचे डोळे नुसते चमकत होते. हलिमानं तिला जवळ घेतलं, माझ्याकडं बघून 'अदब!' असं पुटपुटली, आणि चहा टाकायला आत गेली.

मग कोमल म्हणाली, "चाचा, एक सांगू? मागल्या बारीला मी तुमच्या गटामुळं हरले न्हाय. मी घाबरले हुते. म्हणून भाईर गेली शटलं."

तो सामना मी पहिल्या रांगेतून बघितला होता. ती रतीभरही घाबरली नव्हती.

ती माझ्याकडं बघत नव्हती. रॅकेटकडं बघत होती, सरळ असलेले धागे बोटानं उगाच सरळ करत. गिऱ्हाइकाला खोटा आकडा सांगताना मीही इतकी वर्षं असाच रॅकेटकडं बघत आलो होतो.

"व्हय, पोरी," मी म्हणालो, "घाबरलीच असशील." आणि घाईघाईनं एक अख्खा पेढा तोंडात टाकला, म्हणजे पुढं काही बोलावं लागणार नाही.